खाणीचे नकाशे, संगीताच्या वह्या: अशा घराण्याचे दप्तर कसे जपावे

पहिल्या पिढीने खाण सुरू केली, दुसरीने वाढवली आणि त्याच घरातून पुढे संगीतकार, वादक, बँडमास्तर निघाले, अशी घराणी खाणींच्या मुलखात नवलाची नाहीत. कॉर्नवॉलमधले ब्रास बँड आणि वेल्समधली समूहगायनाची परंपरा खाणवस्त्यांच्या आधारानेच वाढली. अशा घराच्या ट्रंकांमध्ये भाडेपट्टे, शाफ्टचे (खाणीत उतरणाऱ्या उभ्या विवरांचे) आराखडे, धातूच्या कसाच्या नोंदवह्या, हजेरीपट, हस्तलिखित स्वरलिपी, कार्यक्रमपत्रिका, तबकड्या आणि टेपा एकत्र नांदत असतात. प्रत्येकाचे आजार वेगळे, त्यामुळे उपचारही वेगळे.

आवरायला बसले की खाणीचे एकीकडे आणि संगीताचे दुसरीकडे असे दोन ढीग करण्याचा मोह होतोच. तो टाळा. रद्द झालेल्या हजेरीपटाच्या कोऱ्या बाजूवर चाल लिहिलेली असते. बँडच्या यादीतली नावे पगारपत्रकातही सापडतात. वाद्यांची खरेदी खाणीच्या कीर्दीत टाकलेली असते. ढीग वेगळे झाले की हे धागे तुटतात आणि नंतर कुणालाच जोडता येत नाहीत. खाण आणि संगीत एका घरात कसे नांदले, ही या दप्तराची खरी किंमत आहे आणि ती कागदांच्या परस्परसंबंधातच आहे.

हात लावण्याआधी

पहिल्या दिवशी काहीही उचलू नका, फक्त फोटो काढा. आधी खोलीचा, मग कपाटाचा, मग प्रत्येक ट्रंक उघडून वरून. थर काढत जाल तसा प्रत्येक थराचा फोटो घ्या. प्रत्येक गठ्ठ्यात आम्लमुक्त कागदाची चिठ्ठी घालून तिच्यावर २बी पेन्सिलने जागा लिहा: ‘ट्रंक २, थर ३, डावीकडे’. या कामाच्या खोलीत बॉलपेन आणि जेलपेन आणूच नका. शाईचा डाग निघत नाही आणि ओल लागली की शेजारच्या पानावर उतरतो.

कागद ज्या क्रमाने सापडले तो क्रम शक्यतो मोडायचा नाही. डच अभिलेखतज्ज्ञांनी १८९८ मध्ये हे तत्त्व नियमांच्या रूपात मांडले आणि आज जगभरची अभिलेखागारे त्यावर चालतात. खाणीच्या व्यवस्थापकाने पत्रे तारखेऐवजी शाफ्टनुसार लावली असतील, तर त्या लावण्यातूनच त्याच्या कामाची पद्धत कळते. क्रम नक्कीच बिघडलेला असेल, उदाहरणार्थ ट्रंक उलटी झाली असेल, तरच नवा क्रम लावा आणि तसे केल्याची नोंद ठेवा.

आधी धोके बाजूला काढा

खाणमालकांच्या घरातली ट्रंक निव्वळ कागदांची असेलच असे नाही. पुढच्या वस्तू दिसल्या तर काम तिथेच थांबवा.

तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या, एका टोकाला बंद, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या छोट्या नळ्या म्हणजे डिटोनेटर असू शकतात. मेणकागदात गुंडाळलेल्या, तेलकट डाग पडलेल्या कांड्या डायनामाइटच्या असू शकतात. जुन्या डायनामाइटमधून नायट्रोग्लिसरीन पाझरते आणि ते धक्क्यानेही फुटते. ट्रंक हलवू नका, झाकण बंद करण्याच्याही फंदात पडू नका. खोली रिकामी करून पोलिसांना कळवा.

कार्बाइडच्या दिव्यासोबत बहुधा करड्या खड्यांचा डबा असतो. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की अॅसिटिलीन हा ज्वालाग्राही वायू सुटतो. डबा घरात उघडू नका, कोरड्या जागी एकटा ठेवा आणि घातक रसायने नेणाऱ्या यंत्रणेकडे सोपवा.

कस तपासणाऱ्यांच्या वह्यांवर करडी किंवा पिवळसर धूळ असेल तर ती शिशाची आहे असे धरूनच चला, कारण सोन्या-चांदीचा कस काढताना शिसे वापरत. नायट्रिल हातमोजे, एन-९५ मास्क आणि वेगळा अॅप्रन घाला. त्या खोलीत खाणे-पिणे नको, मुले नकोत.

खनिजांचे नमुने कागदांसोबत कधीच ठेवू नका. पायराइट ६० टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत ऑक्सिडाइझ होऊन गंधकाम्ल तयार करतो. ते आम्ल आधी चिठ्ठी खाते, मग पेटी, मग शेजारचे कागद. सोनेरी खडा पांढरट भुकटी सोडू लागला असेल आणि खालची चिठ्ठी तपकिरी होऊन भुरभुरत असेल तर हेच झाले आहे. चिठ्ठीवरचा मजकूर लगेच उतरवून घ्या, फोटो काढा, नमुन्याला आणि चिठ्ठीला एकच क्रमांक द्या आणि दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा.

बुरशी, कीड, ओल

माळ्यावरून उतरवलेले कागद थेट चांगल्या कागदांमध्ये नेऊ नका. दोन-तीन आठवडे वेगळ्या, कोरड्या, हवेशीर खोलीत ठेवून लक्ष ठेवा. पेटीखाली पांढरा कागद अंथरला की कसर आणि वाळवीच्या खुणा लगेच दिसतात.

बुरशी चिकट आणि ओली असेल तर पुसायची नाही, पसरते. आधी पंख्याच्या अप्रत्यक्ष हवेत आर्द्रता खाली आणा. बुरशी कोरडी, भुकटीसारखी झाली की हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने, तोंडावर बारीक जाळी बांधून आणि कमी ओढीवर ठेवून काढा. उन्हात वाळवणे हा घरोघरचा उपाय आहे, पण उन्हाने शाई उडते आणि कागद ठिसूळ होतो.

कीड असलेले निव्वळ कागद जाड पॉलिथीनच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर हवेतली वाफ थंड कागदावर साचते. काचेच्या निगेटिव्ह, तबकड्या, मेणाचे सिलिंडर आणि टेपा फ्रीजरमध्ये घालू नका.

पाण्याने भिजलेले दप्तर असेल तर हातात ४८ तास आहेत, त्यानंतर बुरशी धरते. तेवढ्या वेळात सगळे वाळवता येणार नसेल तर छोटे गठ्ठे पिशवीत घालून गोठवा आणि सवडीने वाळवा. छापील संगीताची गुळगुळीत मुखपृष्ठे सर्वांत आधी हाताळा. चकचकीत कागद एकमेकांना चिकटून वाळला की पुन्हा सुटत नाही.

जागा, पेट्या, फोल्डर

माळा आणि तळघर दोन्ही नकोत. घराच्या मधली, बाहेरच्या भिंतीला आणि पाण्याच्या नळाला न लागलेली खोली निवडा. तापमान २० अंशांच्या आसपास, आर्द्रता ३० ते ५० टक्के हे उद्दिष्ट ठेवा. दमट प्रदेशात ती ५० टक्क्यांपर्यंत राखणे जमत नसेल तर निदान ६० च्या खाली आणि स्थिर ठेवा, कारण ६५ च्या पुढे बुरशीला मोकळे रान मिळते. दिवसा एसी आणि रात्री बंद, असे चढउतार सतत थोड्या जास्त आर्द्रतेपेक्षा वाईट. सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर हवा.

पेट्या आणि फोल्डर आम्लमुक्त, लिग्निनमुक्त (लाकडातला, कागद पिवळा पाडणारा घटक नसलेले) घ्या. त्यांचे दोन प्रकार असतात. एकात कॅल्शियम कार्बोनेट घातलेले असते, त्याला बफर केलेला म्हणतात. दुसरा बिनबफरचा. साध्या पत्रांना, हिशेबांना, छापील संगीताला बफर केलेला चांगला. ब्लूप्रिंट आणि फोटोंना बिनबफरचाच. फोटोसाठी साहित्य घेताना ते आयएसओ १८९१६ ही, साहित्याने फोटो बिघडतो का हे पाहणारी चाचणी उत्तीर्ण आहे का, हे विक्रेत्याला विचारा. प्लास्टिकमध्ये पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीन चालते, पीव्हीसी चालत नाही. पीव्हीसीतला मऊपणा आणणारा पदार्थ बाहेर येऊन शाईच उचलून घेतो. लॅमिनेशन तर कधीच नाही.

एका फोल्डरमध्ये साधारण सेंटिमीटरभर जाडीचेच कागद ठेवा. पेटी अर्धी रिकामी राहिली तर कागद वाकतात, म्हणून उरलेल्या जागेत आम्लमुक्त पुठ्ठ्याची घडी भरा. टाचण्या, स्टेपल, रबरबँड काढा. गंजलेला स्टेपल ओढू नका. कागदाखाली पॉलिएस्टरची पट्टी सरकवा, मागच्या बाजूने दोन्ही टोके सरळ करा आणि पुढून अलगद उचला. ज्या पानांना एकत्र टाचले होते त्यांना आम्लमुक्त कागदाच्या दुमडीत एकत्रच ठेवा.

धूळ आणि काजळी

खाणीच्या कागदांवर कोळशाची भुकटी असते. ती चोळली की तंतूंमध्ये कायमची बसते. आधी मऊ बकरीच्या केसांच्या ब्रशने पानाच्या मध्यापासून कडेकडे, एकाच दिशेने झाडा. उरलेली काजळी टिपायला व्हल्कनाइज्ड रबराचा कोरडा स्पंज घ्या आणि तो घासू नका, टेकवून उचला. स्पंजाची काळी झालेली बाजू कापून टाकत जा. पेन्सिलीच्या खुणा असलेल्या जागेजवळ स्पंजही नको. साध्या कागदांना स्वच्छ धुतलेले, कोरडे, उघडे हात उत्तम. सुती मोज्यांनी बोटांची जाण जाते आणि ठिसूळ कडा फाटतात.

खाणीचे नकाशे

दप्तरातला सर्वांत अवजड आणि लोकांच्या जिवाशी थेट संबंध असलेला भाग हाच. जुलै २००२ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या क्वीक्रीक खाणीत कामगारांनी शेजारच्या बंद पडलेल्या, पाण्याने भरलेल्या खाणीची भिंत फोडली, कारण त्यांच्या हातातला नकाशा जुन्या खोदकामाची शेवटची मजल दाखवत नव्हता. ९ जण तीन दिवसांहून जास्त काळ अडकले आणि सगळे जिवंत निघाले. जुन्या खाणीचा नंतरचा नकाशा पुढे विंडबरच्या कोळसा-वारसा संग्रहालयात मिळाला. एका दिवंगत खाणनिरीक्षकाच्या घरच्यांनी दिलेल्या कागदांत तो होता. घरातल्या गुंडाळीत काय दडलेले असू शकते, याचा यापेक्षा मोठा दाखला शोधायला नको.

म्हणून प्रत्येक नकाशावर आधी एक ओळ शोधा: शेवटचे सर्वेक्षण कोणत्या तारखेपर्यंतचे आहे. बऱ्याचदा कोपऱ्यात तारखांची मालिकाच असते, दर तिमाहीला सर्वेक्षक खोदकाम पुढे वाढवून सही करत असे. तीच शेवटची तारीख सूचीत लिहा, नकाशा पहिल्यांदा काढल्याची नव्हे. पाठोपाठ उत्तर दिशा चुंबकीय की खरी, उंचीच्या आकड्यांचा पाया कोणता, प्रमाण किती आणि कोणत्या रंगाने कोणती पातळी किंवा कोणता थर दाखवला आहे ते टिपा. चुंबकीय उत्तर वर्षांगणिक सरकते, त्यामुळे साल माहीत नसेल तर नकाशा आजच्या जमिनीवर बसवता येत नाही. रंगांमुळेच हे नकाशे काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करायचे नसतात. एकमेकांवर काढलेली तीन पातळ्यांची खोदकामे करड्या छटेत एकच होऊन जातात.

आता सामग्री ओळखा, कारण चुकीचा उपचार इथेच होतो.

गडद निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा म्हणजे ब्लूप्रिंट. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या या पद्धतीतला निळा रंग अल्कलीने मरतो, म्हणून बफर केलेला फोल्डर नको. उजेडाने फिका पडलेला ब्लूप्रिंट अंधारात ठेवल्यावर थोडाफार परत गडद होतो.

पांढरट किंवा ठिपकेदार पार्श्वभूमीवर निळ्या, जांभळ्या किंवा तपकिरी रेषा आणि विचित्र रासायनिक वास म्हणजे डायझो प्रत, १९२० च्या दशकापासून पुढची. ही शेजाऱ्यालाही डागाळते. प्रत्येक डायझो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ब्लूप्रिंटला लागून कधीच नको.

फिकट निळसर, गुळगुळीत, अर्धपारदर्शक कापड म्हणजे ट्रेसिंग लिनन. त्याला खळ घातलेली असते. पाण्याचा एक थेंब पडला तरी खळ विरघळते, तिथला चकचकीतपणा जातो आणि कापड आखडते. याला वाफ देणे नाही, ओला बोळा लावणे नाही.

साध्या कागदावरचा, घट्ट गुंडाळी झालेला नकाशा मात्र ओल देऊन सरळ करता येतो. मोठा झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाला ओला टिपकागद पसरा, त्यावर ४–५ सेंटिमीटर उंचीची प्लास्टिकची जाळी ठेवा आणि जाळीवर सैल केलेली गुंडाळी. झाकण लावा. तासातासाला बघा, साधारण ४ ते २४ तासांत कागद आपणहून सैल पडतो. झाकणाला आतून थेंब धरू लागले तर ते नकाशावर पडण्याआधी पुसा. सैल झालेला नकाशा दोन कोऱ्या टिपकागदांमध्ये घालून वर सपाट फळी आणि वजन ठेवा. पहिले टिपकागद अर्ध्या तासाने बदला, दुसरे काही तासांनी, तिसरे दुसऱ्या दिवशी. पूर्ण वाळायला आठवडा द्या. डब्यात घालण्याआधी प्रत्येक शाई आणि रंग कोपऱ्यात तपासा: कापसाच्या काडीचे किंचित ओले टोक टेकवून लगेच टिपकागद दाबा, रंग उतरला तर हा उपाय रद्द. जलरंग आणि लोहशाई (लोहाचे क्षार असलेली जुनी शाई) वापरलेल्या, तसेच बुरशी लागलेल्या नकाशांना तर हा उपाय नकोच, तपासत बसायचीही गरज नाही.

सपाट ठेवायला मोठा खण नसेल तर गुंडाळाच, पण नळकांड्याच्या आत नव्हे, बाहेरून. निदान १० सेंटिमीटर व्यासाचे नळकांडे घ्या, नकाशापेक्षा दोन्ही बाजूंना ५ सेंटिमीटर लांब. त्यावर आम्लमुक्त कागद, मग नकाशा, मग पुन्हा कागद, वरून रुंद सुती फीत सैल बांधा. नकाशा कधीही स्कॅनरच्या रोलरमधून ओढू नका.

संगीताचे कागद

हस्तलिखित स्वरलिपीचा सर्वांत मोठा शत्रू तिच्यातच असतो. लोहशाई, म्हणजे मायफळ आणि हिराकस यांची शाई, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पाश्चात्य जगात सर्रास वापरात होती. तिच्यातले आम्ल आणि लोह कागद आतून जाळतात. पाच रेघांच्या पानावर सर्वांत जास्त शाई स्वरांच्या भरीव डोक्यांत असते, त्यामुळे भोके नेमकी तिथेच पडतात. पान उजेडासमोर धरले की स्वर जिथे होता तिथे त्याच आकाराचे छिद्र दिसते आणि दांडी मात्र शाबूत असते. बाखच्या बर्लिनमधल्या हस्तलिखितांचे हेच झाले होते.

हे जपायचे कसे? मागून पाहिल्यावर शाईभोवती तपकिरी वलय दिसत असेल तर ते पान वाकवू नका. प्रत्येक पान आम्लमुक्त पुठ्ठ्यावर ठेवून पुठ्ठ्यासकट उचला. ओल, वाफ, गव्हाची खळ काहीही लावू नका, कारण पाण्यासोबत लोहाचे आयन पसरून जळण वाढते. भेगा पडल्या असतील तर काम तज्ज्ञ संवर्धकाचे. स्कॅन मात्र थांबवू नका, अशा पानांना रांगेत पहिला नंबर.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अनेक संगीतकार पारदर्शक कागदावर लिहून डायझो प्रती काढत. म्हणजे खाणीच्या कचेरीतले यंत्र आणि संगीतकाराच्या टेबलावरचे यंत्र एकाच रसायनावर चालत होते, आणि नकाशांना लागू असलेला वेगळे ठेवण्याचा नियम या प्रतींनाही लागतो. मूळ पारदर्शक पान सापडले तर तेच अस्सल, काळी-पांढरी प्रत नव्हे.

वादकांच्या सुट्या प्रती म्हणजे पार्ट. लोक बऱ्याचदा मुख्य स्वरलिपी ठेवतात आणि ‘ही तर नुसती नक्कल’ म्हणून पार्ट टाकून देतात. ही मोठी हानी. श्वास कुठे घ्यायचा, कोणता भाग गाळायचा, कार्यक्रमाची तारीख, वादकाचे नाव, सगळे पेन्सिलीने पार्टवर असते. एकही खूण खोडू नका. प्रत्येक संचासाठी किती पार्ट हवेत आणि किती आहेत ते लिहा: ‘कॉर्नेट पहिला ३, युफोनियम १, बास ड्रम नाही’. रिकाम्या जागेची नोंद पुढे हरवलेला पार्ट ओळखायला उपयोगी पडते.

जुने सेलोटेप ओढून काढू नका, सोबत स्वरही निघतात. पट्टी आपणहून सुटली असेल आणि मागे पिवळा चिकटा राहिला असेल तर त्या पानाखाली सिलिकॉन लावलेला न चिकटणारा कागद ठेवा, म्हणजे शेजारचे पान चिकटणार नाही. फाटलेल्या कडा बांधायच्या असतील तर तुकडे जपानी टिशू आणि पातळ गव्हाच्या स्टार्च पेस्टने जोडता येतात, पण फक्त छापील किंवा पक्की शाई असलेल्या पानांवर.

छापील संगीतावर साल बहुधा नसते. पानांच्या तळाशी मधोमध छोटा आकडा किंवा अक्षरे-आकडे दिसतील, तो प्रकाशकाचा प्लेट क्रमांक. त्यावरून साधारण साल काढता येते, म्हणून तो न चुकता लिहा. बिननावाच्या हस्तलिखिताची ओळख पटवायला त्याची सुरुवातीची दोन-तीन मापे (स्वरलिपीतले उभ्या रेघांमधले विभाग, बार) सूचीत उतरवा, स्वर, लय आणि सुरावट यांसह. १९५२ मध्ये सुरू झालेली रिझम ही संगीतस्रोतांची आंतरराष्ट्रीय सूची याच पद्धतीने हस्तलिखिते जुळवते.

तबकड्या आणि टेपा

इथे वेळ कमी आहे, म्हणून क्रम ठरवा. अॅल्युमिनियमवर काळा लेप असलेल्या, एकेकच असलेल्या लॅकर तबकड्या पहिल्या: लेप आकसून भेगाळतो आणि एके दिवशी पापुद्रा सुटतो. पृष्ठभागावर पांढरी मेणकट साय दिसली तर ती तज्ज्ञालाच काढू द्या. मग टेपा. मग मेणाचे सिलिंडर, ज्यांना बाहेरून बोट लावायचे नाही, आतून दोन बोटे ताणून उचलायचे.

शेलॅकच्या (लाखेच्या), मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या अल्कोहोलने पुसल्या की शेलॅकच विरघळते. ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ मायक्रोफायबर पुरे, लेबल कोरडे ठेवा. तबकड्या उभ्या, सरळ ठेवा, एकावर एक नाही. त्या वाजवायची सुई सुमारे ७५ मायक्रॉनची लागते. एलपीची २५ मायक्रॉनची सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि आवाजापेक्षा खरखर जास्त उचलते. जुन्या तबकड्यांचा खरा वेग ७० पासून ८० च्या पुढेही असे. अर्ध्या सुराचा फरक म्हणजे वेगात सुमारे ६ टक्के. इथे घरातलीच स्वरलिपी कामी येते: तुकडा कोणत्या सुरात लिहिला आहे ते बघून वेग ठरवता येतो. दोन्ही वस्तू एकाच दप्तरात राहिल्या तरच हे शक्य.

टेपचे रीळ उजेडासमोर धरा. कडेने उजेड आरपार दिसला तर अॅसिटेट, नाही दिसला तर पॉलिएस्टर. अॅसिटेटला व्हिनेगरचा वास येत असेल तर ती कुजते आहे, इतरांपासून दूर ठेवा आणि लवकर डिजिटल करा. १९७० आणि ८० च्या दशकातल्या काही पॉलिएस्टर टेपांचा चिकटा हवेतली ओल पिऊन सुटतो. वाजवताना किंचाळी ऐकू आली आणि टेपयंत्राच्या हेडवर तपकिरी मळ जमला तर लगेच थांबवा. अशा टेपा सुमारे ५४ अंशांवर कित्येक तास नियंत्रित उष्णता देऊन तात्पुरत्या वाजवण्याजोग्या करतात, पण ते प्रयोगशाळेचे काम आहे, स्वयंपाकघरातल्या ओव्हनचे नाही. अॅसिटेटला तर उष्णता कधीच नाही.

फोटो आणि फिल्म

काचेच्या निगेटिव्ह चार बाजूंनी बंद होणाऱ्या कागदी पाकिटात, लांब कडेवर उभ्या ठेवा. साधारण १८८९ ते १९५१ दरम्यानची फिल्म नायट्रेटची असू शकते. पिवळी पडलेली, चिकट, तीव्र वासाची फिल्म घरात ठेवायची वस्तू नव्हे. ती पेट घेते तेव्हा स्वतःच ऑक्सिजन पुरवते, पाण्याने विझत नाही. हवेशीर थंड जागी एकटी ठेवून फिल्म-अभिलेखागाराला कळवा. फोटोमागे लिहायचे असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता. खाणीच्या तोंडाशी उभ्या टोळीचा फोटो आणि बँडचा फोटो घरातल्या ज्येष्ठांसमोर एकत्र ठेवून नावे विचारा आणि ते बोलणे ध्वनिमुद्रित करा.

सूची

आधी माणसांची यादी करा. अशा घराण्यांत आजोबाचेच नाव नातवाला असते, दोघेही खाणीत आणि दोघेही बँडमध्ये, म्हणून जन्म-मृत्यूची साले आणि टोपणनावे लावूनच नाव लिहा. सही कुणाची आहे याची खात्री नसेल तर ‘बहुधा’ असे स्पष्ट लिहा.

मालिका कागद निर्माण करणाऱ्या कामानुसार पाडा: खाण कंपनीचा पत्रव्यवहार, हिशेब, सर्वेक्षण, बँड, रचना, घरगुती पत्रे. प्रत्येक फोल्डरला शीर्षक, तारखांची मर्यादा, पानांची संख्या, प्रकृती आणि मूळ जागा द्या. दोन मालिकांत मोडणारा कागद, समजा हजेरीपटामागची चाल, जिथे सापडला तिथेच ठेवा आणि दुसऱ्या मालिकेत तिचा संदर्भ लिहा. हे काम कंटाळवाणे वाटेल, पण हे दप्तर शंभर वर्षांनी उघडणाऱ्याला सूचीच हात धरून नेते.

स्कॅन

पत्रे आणि हिशेब ४०० पीपीआय (इंचाला ४०० चित्रबिंदू), हस्तलिखित स्वरलिपी ६००, नकाशे ३०० ते ४००, सगळे रंगीत, टिफ फाइलमध्ये. एक ए-४ पान ४०० वर सुमारे ४६ एमबी होते, ए-० आकाराचा नकाशा ३०० वर सुमारे ४२० एमबी. आवाज ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह: स्टीरिओचा एक तास सुमारे २ जीबी. डिस्क घेण्याआधी हा गुणाकार करून बघा.

मोठा नकाशा कॅमेऱ्याने टिपायचा असेल तर कॅमेरा अगदी समांतर ठेवा, शेजारच्या दोन चित्रांत २५ ते ३० टक्के भाग सामाईक येऊ द्या आणि प्रत्येक चित्रात मोजपट्टी ठेवा. नकाशावरचे ‘१ इंच म्हणजे अमुक फूट’ हे वाक्य प्रत लहान-मोठी झाली की खोटे ठरते, चित्रातली पट्टी ठरत नाही. कोरी मागची बाजूही स्कॅन करा, कारण ती खरोखर कोरी आहे हेही कळायला हवे. ट्रेसिंग लिननवर दोन्ही बाजूंनी रंग भरलेले असतात, तेही विसरू नका.

फाइलच्या नावात सूचीचाच क्रमांक हवा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक वेगळ्या शहरात. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलमधून संगणकाने काढलेली, फाइल बदलली की बदलणारी खूण) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा पडताळा, कारण बिघडलेली फाइल वरून चांगलीच दिसते. डिस्क पाचेक वर्षांनी बदला.

संस्थेकडे देताना

संगीत एका संस्थेला आणि खाण दुसरीला, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. नाकारा. मूळ दप्तर अखंड एकाच ठिकाणी द्या आणि दुसऱ्या संस्थेला डिजिटल प्रत. त्यातही खाणीच्या नकाशांची प्रत खाणसुरक्षेच्या सरकारी यंत्रणेला देणे हे कर्तव्यच समजा. उघड्या शाफ्टच्या नेमक्या जागा मात्र सर्रास इंटरनेटवर टाकू नका, हौशी लोक आत शिरून जिवाला मुकतात.

कागद तुमचा असला तरी त्यातल्या मजकुराचा कॉपीराइट तुमचा असेलच असे नाही. आलेल्या पत्राचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. रचनेचा हक्क संगीतकाराच्या सगळ्या वारसांत वाटलेला असू शकतो. मृत्यूनंतरची मुदत देशागणिक ५०, ६०, ७० वर्षे अशी बदलते. अपघातांच्या नोंदी आणि फुप्फुसाच्या आजारांचे दाखले यांत ज्यांची नावे आहेत, त्यांच्या हयातीत ते खुले करायचे की नाही हे करारात लिहा.

करार तोंडी नको. मालकी दिली की नुसता ठेवा, डिजिटल प्रती कोण वापरू शकेल, संस्थेला दुहेरी प्रती विकता येतील का, संस्था बंद पडली तर दप्तर कुठे जाईल, हे प्रत्येक मुद्द्याने लिहून घ्या. एक कलम बहुतेकजण विसरतात: नंतर दुसऱ्या भावंडांच्या घरी सापडणारे कागद त्याच संग्रहात, त्याच अटींवर दाखल होतील, असे आजच लिहून ठेवा. शेवटची ट्रंक कुणाकडे तरी असतेच.